नायट्रोजनच्या कंटेनरात सीमेन टिकतं, मग माणूस का नाही?

आर्णी तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मुलानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गावात पशुधन पर्यवेक्षक नायट्रोजनचा कंटेनर घेऊन येतात. वर्षानुवर्षं गोठून पडलेल्या कांडीतून, म्हणजे वळूचं रेत (सीमेन) भरलेल्या बारीक नळीतून, गाय गाभण राहते आणि धडधाकट वासरू होतं. अमेरिकेत मेलेली माणसं याच नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि पुढे विज्ञान सुधारलं की उठवू म्हणतात. मग थकलेल्या आजोबांसाठी असं काही करता येईल का? पन्नासेक वर्षांत आपल्याकडे हे सर्रास होईल का? त्यात ओळखीतला एक जण ‘आत्ताच बुकिंग करा’ म्हणत सात आकडी रक्कम सांगतो आहे.

मी गुरांचा डॉक्टर, त्यामुळे उत्तर कंटेनरच्या बाजूनं देतो. तुमची तुलना वरवर वाटते तेवढी चुकीची नाही, पण ती कुठे तुटते ते नीट पाहावं लागेल.

आधी बरोबर काय ते सांगतो. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश असतं. तिथे पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळपास थांबतात, त्यामुळे माल एक वर्ष ठेवला काय आणि पन्नास वर्षं ठेवला काय, फारसा फरक पडत नाही. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेलं मेंढ्याचं रेत तब्बल पन्नास वर्षांनी वापरलं, तेव्हा ५६ पैकी ३४ मेंढ्या गाभण राहिल्या. दुसरी गोष्ट, कंटेनरला वीज लागत नाही. लोडशेडिंग असो की मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन, दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत असली आणि नायट्रोजन वेळेवर भरला की आतला माल सुरक्षित. तेव्हा ‘आपल्याकडे एवढी थंडी कशी टिकणार’ ही अडचण नाहीच.

अडचण गोठवताना येते. कांडीत ०.२५ मिली रेत असतं आणि कांडीची जाडी दोनेक मिलिमीटर. रेतात आधी अंड्याचा बलक, बफर आणि साधारण सहा-सात टक्के ग्लिसरॉल मिसळतात. मग ते चार अंशांवर काही तास ठेवतात, म्हणजे ग्लिसरॉल पेशीत मुरतं. त्यानंतर नायट्रोजनच्या वाफेत काही मिनिटांत उणे १४० पर्यंत उतरवतात आणि शेवटी द्रवात बुडवतात. हा सगळा खटाटोप बर्फाच्या स्फटिकांना आवरण्यासाठी असतो. संत्रं एक रात्र फ्रीझरच्या कप्प्यात ठेवून सकाळी बाहेर काढा. साल तशीच दिसते, पण आत लगदा झालेला असतो आणि रस गळतो, कारण पाण्याच्या स्फटिकांनी फोडींची भिंतच फाडलेली असते.

एवढी काळजी घेऊनही रेतातल्या निम्म्या पेशी मरतात. कांडी भरताना तिच्यात दोन कोटी शुक्राणू असतात आणि वितळवल्यावर निम्मे हलताना दिसले की ती कांडी आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पास. निम्मे मेले तरी आमचं काम भागतं, कारण वासरू व्हायला एकच शुक्राणू पुरतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, आणि माणसाच्या आठवणी त्या पेशींच्या आपसातल्या जोडण्यांमध्ये असतात. तिथे निम्मा माल गेला तर उरलेल्याला ‘आजोबा’ म्हणता येणार नाही. तुमची तुलना इथे तुटते.

क्रायोनिक्सवाल्यांना, म्हणजे मेलेली माणसं गोठवून ठेवणाऱ्या संस्थांना, हे ठाऊक आहे. म्हणून ते बर्फ होऊच नये असा प्रयत्न करतात. शरीरातलं रक्त काढून रक्तवाहिन्यांतून गोठणरोधक द्रावण फिरवतात आणि त्याची तीव्रता टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांच्या आसपास नेतात. एवढ्या घट्ट द्रावणाचे स्फटिक होत नाहीत, ते उणे १२३ च्या सुमारास काचेसारखं घट्ट होतं. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात, आणि आयव्हीएफ केंद्रांत स्त्रीबीज आणि भ्रूण याच पद्धतीनं ठेवतात. भ्रूण जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा असतो, त्यामुळे तो क्षणात थंड होतो आणि क्षणात गरम. मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. द्रावण सगळीकडे सारखं पोचत नाही, जिथे पोचतं तिथे त्या तीव्रतेला ते स्वतःच विषारी असतं, आणि उणे १२३ च्या खाली मोठ्या अवयवाला ताणानं तडे जातात. गरम करताना तर आणखी कठीण. गरम करण्याचा वेग थंड करण्यापेक्षा जास्त लागतो, नाहीतर वर येताना वाटेतच स्फटिक बनतात. कांडी बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद बुडवायची असते ती याचसाठी. खिशात किंवा तळहातात धरून कांडी वितळवणारे आजही भेटतात आणि मग गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, की वळूला दोष देतात.

मोठ्या अवयवात आजवर काय जमलं? व्हिट्रिफाय केलेलं सशाचं मूत्रपिंड परत बसवलं आणि तो ससा त्या एकाच मूत्रपिंडावर ४८ दिवस जगला. हे काम २००९ साली प्रसिद्ध झालं. मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत ठेवून, आत सोडलेल्या लोहाच्या सूक्ष्म कणांना रेडिओ लहरींनी तापवून आतूनच गरम केली आणि बसवली, ती चालली. हे २०२३ सालचं. उंदराचं मूत्रपिंड ग्रॅमभराचं, माणसाचं दीडशे ग्रॅमचं. आख्खा सस्तन प्राणी उणे १९६ वरून परत आणून चालताबोलता केल्याचं उदाहरण एकही नाही.

आता मेल्यापासून थंड होईपर्यंतच्या वेळेचं पाहू. इथे सगळं परिस्थितीवर आहे, आणि आपल्या परिस्थितीत उत्तर वाईट आहे. मेंदूला रक्त थांबलं की चार ते सहा मिनिटांत नुकसान सुरू होतं. परदेशात संस्थेची माणसं आधीच उशाशी येऊन बसतात. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की लगेच बर्फाच्या पाण्याचा टब, छाती दाबणारं यंत्र, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. आपल्याकडे पहाटे तीनला घरी माणूस गेला तर आधी कुणीतरी मोटारसायकल काढणार, प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टर येणार किंवा सकाळची वाट पाहणार, मग घरच्या मृत्यूचा नमुना ४अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड काही दिवस तुटतं, तिथलं तर बोलायलाच नको. तोवर बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतात, मग द्रावण कितीही दाबानं सोडा, मेंदूत शिरत नाही. गावात भाड्यानं मिळणारी शीतपेटी मुलगी पुण्याहून येईपर्यंत मृतदेह टिकवते, तेवढंच तिचं काम. ती जेमतेम शून्याच्या आसपास असते. तिला आणि क्रायोनिक्सला एकच समजू नका.

भारतातून परदेशी न्यायचं म्हटलं तर विमानासाठी एम्बाल्मिंगचं प्रमाणपत्र मागतात. म्हणजे द्रावण जायच्या आधी रक्तवाहिन्यांत दुसरीच रसायनं जाणार. कागदपत्रांना लागणारे दिवस वेगळेच.

माझ्या मते मात्र समाजाच्या दृष्टीनं खरा मुद्दा तिसरा आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही: पुढची शंभर वर्षं कोण ओतणार आणि कोण तपासणार?

ओतण्याचा खर्च ऐकून तुम्हाला नवल वाटेल. अमेरिकेतल्या अल्कोर संस्थेच्या मोठ्या टाकीत चार शरीरं उलटी, डोकं खाली करून टांगलेली असतात, म्हणजे पातळी घसरली तर पाय आधी उघडे पडतील आणि डोकं शेवटी. अशा टाकीतून दिवसाला साधारण १२ लिटर नायट्रोजन उडतो. माणशी तीन लिटर धरा, वर्षाला अकराशे लिटरच्या आसपास. लिटरला ५० रुपये धरले तरी वर्षाचे ५५ हजार. शहरातल्या एका खोलीच्या भाड्यापेक्षा कमीच. म्हणजे नायट्रोजन महाग नाही. महाग आहे ती शंभर वर्षं न चुकता भरणारी संस्था.

ती का अवघड, ते कंटेनर सांभाळणाऱ्याला लगेच कळेल. नायट्रोजनची पातळी पाहायची तर पट्टी तळापर्यंत दहा-पंधरा सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, आणि जिथपर्यंत पांढरं दव चढतं ती पातळी. कंटेनरच्या बाहेरच्या अंगाला घाम फुटला किंवा मानेभोवती बर्फ धरला की निर्वात गेली समजायचं, माल त्याच दिवशी दुसऱ्या कंटेनरात हलवायचा. बूच कधीच घट्ट बसवायचं नाही, कारण एका लिटरचा सातशे लिटर वायू होतो. काचा बंद केलेल्या जीपमध्ये कंटेनर आडवा झाला तर गाडीतल्या माणसाचाच श्वास कोंडेल. हे सगळं कुणीही शिकू शकतं. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. समजा सणासुदीत भरणी चुकली, कंटेनर कोरडा पडला, चार दिवसांनी गुपचूप भरला. कांड्या बाहेरून पूर्वीसारख्याच दिसतात. तोच रंग, तोच छापील वळू क्रमांक. आतलं सगळं मेलेलं.

आमच्या कामात ही लबाडी तीन आठवड्यांत उघडी पडते. गाय एकविसाव्या दिवशी परत माजावर येते, कास्तकार दारात येऊन विचारतो, दोन-चार गायी उलटल्या की कांडी सूक्ष्मदर्शकाखाली जाते. म्हणजे साखळीच्या शेवटी तपासणारा कुणीतरी उभा आहे, आणि त्याच्या खिशातून पैसे गेलेत. क्रायोनिक्सच्या टाकीबाबत असा तपासणारा कुणीच नाही. टाकी एकदा कोरडी पडून परत भरली की बाहेरच्या माणसाला ते कळणार कसं? ग्राहक तक्रार करत नाही, नातवाला आत काय पाहायचं ते माहीत नाही, आणि ‘उठवायची’ तारीख ठरलेलीच नाही.

ही नुसती शंका नाही. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या स्मशानातल्या तळघरात ठेवलेली नऊ शरीरं नातेवाइकांचे पैसे थांबल्यावर वितळून कुजली, आणि ते १९७९ मध्ये उघड झालं. याच्या उलट उदाहरणही आहे. जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे प्राध्यापक जानेवारी १९६७ मध्ये गोठवले गेले, ते पहिले. सुरुवातीच्या दीड दशकात त्यांच्या घरच्यांनी कंटेनर इकडून तिकडे हलवत सांभाळला. नंतर ते अल्कोरकडे गेले आणि आजही तिथेच आहेत. म्हणजे घरचा माणूस चिवट असला तर टिकतं. पण तीन पिढ्यांनंतर घरचं कोण? आपल्याकडे पणजोबाचं नाव विचारलं तर निम्मी माणसं भटजींकडे बोट दाखवतात.

कायद्याचं थोडक्यात. या संस्था मृत्यू कायद्यानं जाहीर झाल्याशिवाय शरीराला हात लावत नाहीत. म्हणजे टाकीत जाण्याआधी आजोबा कागदोपत्री गेलेले असतील. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारसा मृत्यूच्या क्षणी खुला होतो, तलाठी वारस फेरफार घेणार आणि सातबारावर मुलांची नावं चढणार. उद्या आजोबा उठलेच तर वावर कुणाचं? याला आपल्या कायद्यात उत्तर नाही. दात्याची बीजं किंवा भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका असं २०२१ चा एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा) कायदा सांगतो. आख्ख्या शरीरासाठी तसा नियमच नाही. जवळचं भारतीय प्रकरण म्हणजे पंजाबातल्या नूरमहलचं. तिथल्या डेऱ्याचे प्रमुख आशुतोष महाराज यांना जानेवारी २०१४ मध्ये डॉक्टरांनी मृत ठरवलं, अनुयायांनी ते समाधीत असल्याचं सांगत शरीर फ्रीझरमध्ये ठेवलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी अंत्यसंस्कार करायला सांगितले, तर २०१७ मध्ये खंडपीठानं जतन करायला मुभा दिली. ते श्रद्धेचं प्रकरण, क्रायोनिक्सचं नाही. पण पहिला खटला आला तर वकील त्याच निकालापासून सुरुवात करतील.

तर पन्नास वर्षांत काय होईल? माणसं उठतील की नाही यावर पैज लावणार नाही. पण याच तंत्राची समाजातली जागा मला बरीच स्पष्ट दिसते, आणि ती तपासता येणाऱ्या गोष्टींत आहे. सगळ्यात आधी अवयव. आज दान केलेलं हृदय चार-सहा तासांत आणि मूत्रपिंड जास्तीत जास्त दीड दिवसात बसवावं लागतं. म्हणून नागपुरात दाता मिळाला की ग्रीन कॉरिडॉर, विमान, पोलीस बंदोबस्त. यादीतला रुग्ण एटापल्लीचा असला तर फोन लागेपर्यंत, गाडी मिळेपर्यंत संधी जाते. मूत्रपिंड महिनाभर ठेवता आलं तर त्याला नागपूर गाठायला वेळ मिळेल, रक्तगट आणि ऊती नीट जुळवता येतील. विदर्भातल्या खेड्याला क्रायोचा फायदा मिळाला तर तो आधी इथे मिळेल. आणि इथे तपासणी आपोआप होते: बसवलेलं मूत्रपिंड लघवी बनवतं की नाही ते थोड्याच दिवसांत कळतं.

दुसरी जागा तर आजच आहे. तरुण माणसाला कॅन्सर झाला तर केमो सुरू होण्याआधी वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवता येतं. नागपुरात ही सोय आहे. गावाकडच्या रुग्णाला बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही आणि पहिल्या केमोनंतर उशीर होतो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर तपासण्यांच्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारायला सांगा. तिसरी जागा आमची: वर्धेकडची गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस. शुद्ध जनावरं कमी होत चालली आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत देशी जातींचं रेत याच नायट्रोजनमध्ये राखून ठेवतात. जात संपल्यावर तिचं मोल कळतं, पण कांडी असेल तर निदान वाट तरी राहते.

माणसं गोठवणं जगभरात आजही पाचशेच्या आसपास शरीरांपुरतंच आहे. साठ वर्षं उलटत आली तरी हा आकडा एवढाच. मिशिगनच्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा दर २८,००० डॉलर, म्हणजे २४-२५ लाख, आणि त्यात उशाशी येणारी माणसं व वाहतूक नाही. अल्कोरमध्ये आख्ख्या शरीराचे दोन लाख डॉलरच्या वर, म्हणजे पावणेदोन कोटींच्या पुढे. तिथली माणसं हे बहुधा आयुर्विम्यातून भरतात. त्यामुळे हे श्रीमंतांचं आणि चिकाटीच्या हौशी लोकांचं काम राहील असं मला वाटतं. मोठा अवयव सहज गोठवून परत आणता येऊ लागला तर माझं मत बदलेल. तेवढं मात्र आधी दिसायला हवं.

बुकिंगवाल्याचं काय करायचं? त्याला विचारा, टाकी कुठल्या गावात आहे आणि आत्ता पाहायला येऊ का. नायट्रोजन कुणाकडून येतो, भरणीची वही दाखवा. पातळी कोण मोजतं आणि ते तुमच्या पगारावर नसलेलं कोण तपासतं. पैसे कुणाच्या नावावर जमा होणार आणि तुमची कंपनी बुडाली तर शरीर कुणाच्या ताब्यात. आजोबा घरी रात्री गेले तर किती मिनिटांत कोण येणार. पावतीवर यातलं काय लिहून देणार. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण चहा न घेता उठतात. नाळेचं रक्त साठवण्याच्या योजनाही अशाच भीतीवर विकल्या गेल्या, आणि स्वतःच्याच बाळाला पुढे लागेल म्हणून खासगी बँकेत ते ठेवायला आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) पाठिंबा दिलेला नाही.

आजोबांना स्वतःला काय हवं ते आधी त्यांनाच विचारा. मेल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं त्यांच्या मनात असेल तर नेत्रदान गावातूनही जमतं. मृत्यूनंतर सहा तासांत नेत्रपेढीचं पथक यायला हवं. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदानासाठी सेवाग्राम, नागपूर किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचना विभागाचा फॉर्म भरतात. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेलं असणं किंवा काही संसर्गजन्य आजार असले तर देह घेत नाहीत. फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांनी नाही म्हटलं तर काही होत नाही, म्हणून काका-आत्यांशी आताच बोलून ठेवा. आणि नेत्रपेढीचा नंबर घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा, कारण ज्याला माहीत असतं तो नेमका त्या रात्री वावरात जागलीला गेलेला असतो.